कोर्ट उठेपर्यंत

"तितं होय लिही," चुलीपासून विजयमाला म्हणाली, आणि रासकरांच्या ओसरीवर आखाडातला तो रविवार जागच्या जागी थांबला.

तोवर सगळं झकास चाललं होतं. सासू फुलाबाईंनी गुळाच्या पाण्यात कणीक घट्ट मळून दिली होती. विजयमाला कापण्या तळत होती आणि ताटात पडलेला घाणा गार व्हायच्या आत संपत होता. धाकटा दीर दिग्विजय दरवर्षीप्रमाणं बारामतीहून कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खास कापण्या खायला आला होता. मार्केट यार्डात त्याचा भाजीपाल्याचा गाळा होता, आणि गाळा असलेल्या माणसाला जगातलं सगळं कळतं अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. थोरला युवराज, विजयमालाचा नवरा, खांबाला टेकून बसला होता. त्याला मत विचारलं की तो आधी तात्यांकडं बघायचा, मग दिग्विजयकडं, आणि बाप नि भाऊ एका बाजूला असले की तेच त्याचं मत.

त्या दोघांची लेक संस्कृती उंबऱ्यात बसून मोबाइलवर आईचा अर्ज भरत होती. मुक्त विद्यापीठाची पदवी झाली, प्रवेश परीक्षा झाली, बारामतीच्या वकिलीच्या कॉलेजात आईचा नंबर लागला, तरी घरातल्या कुणालाच ते अजून पुरतं खरं वाटत नव्हतं. अर्जाचा उद्या शेवटचा दिवस. शेवटच्या पानावर एकच प्रश्न उरला होता, आणि तो तिनं मोठ्यानं वाचला तो निव्वळ गंमत म्हणून.

"अर्जदारास यापूर्वी कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवून शिक्षा दिली आहे काय? बोल मम्मी, किती दरोडे टाकलेस?"

त्यावर ते उत्तर आलं होतं.

"शिक्षा?" तात्यांनी तोंडातली कापणी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "आमच्या घरात? खडी फोडायला कोण गेलं व्हतं?"

"अवो, इंदापूरचं कोर्ट," फुलाबाई म्हणाल्या. "तुमीच न्हाय का धाडली हिला."

"हात्तिच्या! ते व्हय!" दिग्विजय खो खो हसला. "वहिनी, अवो ती काय शिक्षा हाय? कोर्ट उठंपर्यंत बसायचं. बसलं, उठलं, झालं. एस्टी स्टँडवर ह्याच्यापेक्षा जास्त बसावं लागतं."

"बसणं ही शिक्षा असंल," तात्या म्हणाले, "तर आमचा युवराज जन्मठेपंत हाय."

युवराजनं खांबाला टेकलेली पाठ जरा सरळ केली आणि पुन्हा टेकवली.

ही गोष्ट रासकरांच्या घरातली सगळ्यात लाडकी. लग्नात पंगत उठली आणि पाहुणे सुपारी कातरत बसले की कुणीतरी "कबूलची गोष्ट सांगा की," म्हणणार, आणि तात्या ती सांगणार. संस्कृती अंगणवाडीत होती तेव्हाची गोष्ट. कारखान्याच्या सभेत घरची दोन मतं असावीत म्हणून तात्यांनी कालव्याकडचा सव्वा एकर थोरल्या सुनेच्या नावावर केला. सुनेच्या नावानं सातबारा करणारा सासरा म्हणून शाळेच्या कार्यक्रमात त्यांना शाल-श्रीफळही मिळालं. पुढं त्याच सव्वा एकरात, कालव्याच्या भरावाखालून आलेला एक पाइप पाटबंधाऱ्याच्या लोकांना सापडला. रान जिच्या नावावर, तिच्यावर केस झाली.

"राहू दे वहिनींचंच नाव," तेव्हा दिग्विजय म्हणाला होता. "बाईमाणसाला साहेब काय करत न्हाय. गुन्हा कबूल म्हणायचं, दंड भरायचा, घरी यायचं."

निरवांगीहून इंदापूरपर्यंत तात्यांनी एस्टीत सुनेची उजळणी घेतली. साहेब काय बी इचारू दे, तू आपलं कबूल म्हण. मग कोर्टात पुकारा झाला, साहेबांनी नाव विचारलं, आणि विजयमाला म्हणाली, "कबूल."

"बाई, नाव विचारलंय तुमचं."

"कबूल, साहेब."

"तुम्हाला वकील हवाय का?"

"कबूल."

इथं पाहुण्यांची पोटं दुखायची. पण गोष्ट इथं संपत नसे. किरकोळ दंड झाला, आणि वर कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा. ती मागच्या बाकावर जाऊन बसली. दुपारी साहेब जेवायला गेले, हॉल रिकामा झाला, तरी ही जागची हलेना. युवराज भेळ घेऊन दारात उभा. "ये की, साहेब उठलं!" तर ही म्हणते कशी, "साहेब उठलं, कोर्ट न्हाय उठलं." शिपायानं येऊन सांगितलं, बाई, ही मधली सुट्टी हाय, तरी उठली नाही. ह्या वाक्याला हसून हसून तात्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

आत्ताही यायला लागलं होतं, तेवढ्यात विजयमाला हातात झारा घेऊन बाहेर आली.

"हसा तुमी. पण होय लिही गं."

"मम्मी, थांब जरा." संस्कृतीचा आवाज बदलला होता. आतापर्यंत तिलाही ती गोष्ट फक्त गंमतच वाटत आली होती. "होय लिहिलं आणि त्यांनी प्रवेशच नाकारला तर? इतकी वर्षं अभ्यास केलास तू. भाकरी थापताना पुस्तक समोर ठेवून वाचायचीस. मी तर म्हणते नाही लिहू. काका म्हणतात तेच बरोबर आहे."

"बघा!" दिग्विजय म्हणाला. "शिकलेली पोरगी हाय. कोण बसलंय इंदापूरची दप्तरं उघडून बघायला? नाही लिवायचं, मोकळं व्हायचं."

"तवा बी तुमी असंच म्हणाला व्हता भावजी," विजयमाला म्हणाली. "कबूल म्हणायचं, मोकळं व्हायचं. तुमच्या मोकळं होण्यात मीच सापडते दर वेळंला."

फुलाबाईंना हसू आलं. ते लपवायला त्यांनी ताटातल्या कापण्या उगीच खालीवर केल्या. धाकट्याला कुणीतरी बोललं की त्यांना मनातून बरं वाटायचं. त्यांच्यानं मात्र ते कधी झालं नव्हतं.

"आन कायदा शिकाया चाललेय मी," विजयमाला पुढं म्हणाली. "दारातच खोटं बोलू व्हय?"

"त्यात खोटं काय?" तात्या म्हणाले. "बसली व्हतीस. त्यांनी इचारलंय का, बसला व्हता का म्हणून?"

"शिक्षाच विचारलीय तात्या," संस्कृती पडद्यावर बोट सरकवत म्हणाली. मग ती थबकली. "आणि खाली अजून आहे. होय असल्यास तपशील द्या."

"तपशील म्हंजी?"

"काय केलं, कसं केलं, का केलं."

तात्यांचं चावणं थांबलं.

पाणीवापर संस्थेच्या चेअरमनपदाची निवडणूक बुधवारी होती. समोर संभाजी उभा होता, आणि संभाजी वाईट माणूस नव्हता, फक्त बोलका होता. तात्यांनी गेल्या महिन्यात पाण्याच्या चारीच्या तोंडाशी भिंतीवर ठळक निळ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, 'पाणी चोरणे हा गुन्हा आहे', आणि खाली आपलं पूर्ण नाव. वाचणाऱ्याला ते कबुलीजबाबासारखं वाटतं, हे त्यांच्या कानावर घालायचं धाडस कुणी केलं नव्हतं. आता तात्यांच्या डोळ्यांसमोर ती भिंत आली. मग बारामतीचं कॉलेज आलं, कॉलेजातला कारकून आला, कारकुनाचा मेव्हणा निरवांगीचा निघाला, आणि मेव्हणा संभाजीच्या टपरीवर चहा पीत उभा राहिला.

"विजयमाला," ते एकदम मऊ आवाजात म्हणाले, "मला तुझीच काळजी वाटती बघ. इतक्या कष्टानं नंबर लागलाय. असल्या फालतू पायी जागा जायला नको."

"अगं बाई!" फुलाबाई म्हणाल्या. "सुनेची लईच काळजी वाटाय लागली. घटकाभरापूर्वी म्हणत व्हता, बाईला कशाला वकिली, घरात भांडाय काय कमी पडतंय."

"तू गप गं."

"गप कशी? तपशील म्हणल्यावं तोंड उतरलं तुमचं. मी काय आंधळी हाय?"

"आये, तू कुणाच्या बाजूची?" दिग्विजयनं विचारलं.

फुलाबाईंनी जरा विचार केला. हा प्रश्न त्यांना ह्या घरात कुणी विचारला नव्हता. "मी पाइपाच्या बाजूची," त्या म्हणाल्या. "पाइप पुरला तवा मातीचं घमेलं माझ्या डोक्यावर व्हतं. ह्यांच्या हातात खोरं, माझ्या डोक्यावर घमेलं. ही बिचारी माहेरी गेलती. परत आली तर रानात पाणीच पाणी. म्हणाली, आत्या, आपल्याकडं पाऊस झाला व्हय?"

संस्कृती तोंडावर हात ठेवून हसली. मग तिचं हसू ओसरलं. "म्हणजे मम्मीला माहीतसुद्धा नव्हतं?"

गोष्टीतला हा भाग पंगतीत कधी सांगितला गेला नव्हता.

विजयमालानं झारा कठड्यावर ठेवला आणि ती पायरीवर बसली. चूल आत तशीच धगधगत होती, पण ती उठली नाही.

"तुमी सांगता ती गोष्ट खरीच हाय," ती म्हणाली. "मी बी हसते. पण पुकारा झाला तवाचं तुमी कुणी सांगत न्हाय. 'आरोपी विजयमाला युवराज रासकर.' सगळा हॉल मागं वळून बघाय लागला. नाव इचारलं तर नाव आठवंना, म्हणून कबूल म्हणाले. लग्नात उखाणा घेताना बी एवढी भ्याले नव्हते. घरी आले, तर तात्या म्हणाले, बसलीस की निवांत दिवसभर, हितं आमाला शेण काढावं लागलं. काय झालं, कसं झालं, एकानं इचारलं न्हाय."

युवराजनं मान खाली घातली. त्याला ती संध्याकाळ आठवत होती. कोर्टाबाहेर लिंबाखाली बसून त्यानं भेळेचे दोन्ही पुडे एकट्यानंच खाल्ले होते, आणि ती बाहेर आली तेव्हा तिला फक्त 'चल, गाडी जाईल' म्हणाला होता. तिच्या तोंडावर तेव्हा काहीतरी वेगळं होतं. आपल्यावर रागावली असेल असं धरून, परतीच्या वाटेवर तो एस्टीच्या खिडकीतून बाहेरच बघत बसला होता.

"रागावली व्हतीस ना माझ्यावं?" आता इतक्या वर्षांनी त्यानं विचारलं.

"न्हाय वो." ती हसली. "तेच तर कुणाला सांगितलं न्हाय. मला लई बरं वाटत व्हतं. ह्या घरात आल्यापास्नं पयल्यांदा अख्खा दिवस कुणी मला ऊठ म्हणालं न्हाय. चहा ठेव न्हाय, वैरण टाक न्हाय. उलटं साहेबांचाच हुकूम, बसा! बसून सगळं ऐकलं. बांधाची भांडणं, चेक परत आल्याल्या केसा, नवरा-बायकूचं. एक बाई वकील व्हत्या, माझ्याच वयाच्या. त्या बोलाय लागल्या की साहेब लिवायचं थांबून ऐकायचं. आपलं कुणी असं लिवायचं थांबून ऐकलंय का कधी, असा इचार आला मनात. म्हणून सुट्टीत उठले न्हाय. उठले तर संपंल अशी भीती वाटली."

तिचा आवाज बारीक झाला. "ती शिक्षा झाली नसती, तर मी ह्या अर्जापतुर आलेच नसते. आन आता म्हणता तीच लपव."

आत कापण्या करपल्याचा वास आला. फुलाबाई उठून चुलीकडं गेल्या. जाता जाता त्यांनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला, पण पदर सारखा केल्यासारखा.

"होय लिही," युवराज म्हणाला.

सगळ्यांनी खांबाकडं बघितलं. युवराजनं ह्या वेळी कुणाकडंच बघितलं नव्हतं. त्यामुळं हे नक्की त्याचंच मत असावं.

"दादा, तू तरी!" दिग्विजय म्हणाला. "आन जागा गेली म्हंजी?"

"गेली तर..." जागा जाण्याची भीती विजयमालालाही होतीच. अर्जात हा प्रश्न असतो हे ती आधीच ऐकून होती, आणि कालची सगळी रात्र ती त्याच विचारात कूस बदलत होती. "गेली तर पुढच्या साली परत परीक्षा देईन. पण आत गेल्यावर कुणी फायल उघडंल, नाव पुकारंल, आन परत सगळी मागं वळून बघतील, ते नको मला. आण गं तो मोबाइल."

तिनं बोट टेकवलं. बोट तेलाचं होतं, मोबाइल दाद देईना. तिनं पदराला बोट पुसलं आणि पुन्हा टेकवलं. 'होय' समोर हिरवा ठिपका उमटला. मग तिनं तपशील स्वतःच लिहिला, एक एक अक्षर शोधत, आणि वाचून दाखवला. "माझ्या नावावरील सव्वा एकरासाठी कालव्यातून विनापरवाना पाणी घेतल्याबद्दल इंदापूर न्यायालयात मी गुन्हा कबूल केला. दंड भरला. कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा मी पूर्ण भोगली, मधल्या सुट्टीसह."

"मधली सुट्टी कशाला घातलीस?" संस्कृतीनं विचारलं.

"ती जादाची व्हती. राहू दे."

संस्कृतीनं आईकडं बघितलं आणि अर्ज पाठवला.

तात्या कान देऊन ऐकत होते. त्यात त्यांचं नाव नव्हतं. खोरं नव्हतं, घमेलं नव्हतं, एस्टीतली उजळणी नव्हती. संभाजीच्या टपरीवरचा मेव्हणा चहा तसाच ठेवून निघून गेला. तात्यांना हायसं वाटायला हवं होतं, पण तोंडातली कापणी काही केल्या गिळवेना.

"माझं नाव न्हाय घातलंस," ते म्हणाले.

"कोर्टात कबूल मीच म्हणाले तात्या. कागदावर तेवढंच." विजयमाला त्यांच्याकडं वळली. "पण घरातल्या घरात एकदा इचारते. पाइप कुणाचा व्हता?"

"वहिनी, जुनं कशाला..." दिग्विजय सुरू झाला.

"भावजी, तुमाला न्हाय इचारलं."

ओसरीवर सगळे तात्यांकडं बघत होते. युवराजही बघत होता, आणि आज तो मत मागत नव्हता. तात्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. उगीच मोठ्यानं खाकरले. मग बाजेवरून उठून उभे राहिले, हात मागं बांधून.

संस्कृतीला राहवलं नाही. "नाव काय आपलं?"

"कबूल," तात्या म्हणाले.

फुलाबाई आतून हसल्या, दिग्विजय हसला, युवराज तर खांबावर डोकं आपटून हसला. विजयमाला हसली नाही. तिनं तात्यांच्या डोळ्यांत बघितलं. गोष्ट सांगताना यायचं तसं पाणी त्यांत आलं होतं, पण आज ते हसत नव्हते.

"सुनेला न इचारता," तात्या सावकाश म्हणाले. "तेबी कबूल."

"मग शिक्षा काय, साहेब?" संस्कृतीनं आईला विचारलं.

विजयमालानं पदरानं नाक पुसलं. "कोर्ट उठंपर्यंत बसायचं."

तात्या बसले. गोठ्यात म्हैस ओरडायला लागली. ह्या वेळेला विजयमाला बादली घेऊन उठायची, आणि सवयीनं सगळ्यांची नजर तिच्याकडं गेली. ती पायरीवरच बसून होती. युवराज उठणार तोच तिनं दिग्विजयकडं बोट केलं. दिग्विजयनं आपल्या इस्त्रीच्या शर्टाकडं बघितलं, मग वहिनीकडं, आणि मुकाट्यानं बादली उचलली. युवराज चहा ठेवायला आत गेला. साखर कुठल्या डब्यात असते हे त्यानं दोनदा ओरडून विचारलं.

तेवढ्यात कुंपणापाशी मोटरसायकल थांबली. प्रचारात तात्यांच्या मागं मागं फिरणारा रामहरी गाडीवरूनच ओरडला, "तात्या, चला की! चारीवं माणसं जमल्यात. संभाजी कवाच येऊन बसलाय."

"न्हाय जमणार," तात्या म्हणाले. "मला शिक्षा हाय."

"शिक्षा? कशाची वो?"

मेव्हणे, टपऱ्या, ती निळी भिंत, सगळं तात्यांच्या डोळ्यांपुढून एकदा गेलं. बुधवार गेला. त्यांनी सुनेकडं बघितलं.

"पाइपाची," तात्या कुंपणापलीकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "कालव्याच्या. त्यो माझा व्हता."

हसावं की नाही हे रामहरीला कळेना. त्यानं गाडी बंद केली, परत चालू केली. "मग... माणसांस्नी काय सांगू? कवा येताय?"

"कोर्ट उठल्यावं."

विजयमालानं दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली, ताट जवळ ओढलं आणि त्यातली सगळ्यात खरपूस कापणी निवडून घेतली. गोठ्यात दिग्विजय म्हशीची समजूत काढत होता, आत युवराजच्या हातून काहीतरी सांडलं, दिवेलागण झाली. त्या दिवशी निरवांगीत कोर्ट फार उशिरा उठलं.